बद्द वाजलेलं चाक

आमच्या परड्यात आंब्याच्या आडव्या फांदीला एक जाड दोर बांधलेला आहे. माझ्या लहानपणी त्याला झोपाळा होता. गेल्या श्रावणात अण्णांनी त्याला गाडीचं चाक टांगलं. टायर उतरवलेलं, नुसतं अलॉयचं, म्हणजे हलक्या मिश्रधातूचं चाक. पावसानं उघडीप दिली होती, पानांवरून अजून थेंब पडत होते. अण्णांनी हातानं चाक स्थिर केलं, आम्हाला गप्प बसायची खूण केली आणि लाकडी हातोडीनं एका आऱ्यावर हलका ठोका दिला.

आवाज निघाला तो लांबत गेला. देवळातल्या घंटेइतका मोठा नाही, पण तसाच स्वच्छ. तो पूर्ण विरेपर्यंत अण्णा कान देऊन उभे होते. मग दुसरं टांगलं, तिसरं, चौथं. पाचव्याला ठोका दिला आणि आवाज जिथल्या तिथं बसला.

"बद्द वाजतंय," चुलीपाशी बसलेली आई म्हणाली. आयुष्यभर तिनं कुंभाराकडची मडकी टिचकी मारून घेतली आहेत. अण्णांनी मान हलवली. त्यांनी पस्तीस वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत फेटलिंगला काढली. ओतून आलेल्या कास्टिंगची वाळू झाडायची, धारा मारायच्या, फुगवटे घासून काढायचे आणि हे करताकरता कुठल्या कास्टिंगच्या पोटात खोट आहे ते ओळखायचं. आईचं मडकं आणि अण्णांचं कास्टिंग, दोघांची परीक्षा एकच.

आमची गाडी 2009 सालची स्विफ्ट. मी ती वापरलेली घेतली, बँकेत नोकरी लागून तीन वर्षं झाल्यावर. तिच्या लोखंडी डिस्क, म्हणजे टायरच्या आतली चाकं, कडेला इतक्या गंजल्या होत्या की दर आठ दिवसांनी हवा भरावी लागायची. टायरवाल्यानं सांगितलं, डिस्क बदला. नव्या डिस्क घेतल्या असत्या तर काम झालं असतं. पण मला अलॉय हवी होती. शाळेत असल्यापासून मी दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं बघत आले आहे. वळणावर गाडी मंद झाली की आरे मोजता येतात, वेग घेतला की त्यांची चांदीची एकच थाळी होते. हे मला फार सुंदर वाटतं, आजही वाटतं. नवी अलॉय परवडत नव्हती, म्हणून जुनी घेऊन घरी घासून रंगवायची असं ठरवलं.

खेडेगावातून आलेले आमचे पाहुणे अलॉयला सर्रास 'मॅकव्हील' म्हणतात. मूळ शब्द मॅग व्हील, म्हणजे मॅग्नेशियमचं चाक. शर्यतीच्या गाड्यांना एके काळी खरोखर मॅग्नेशियमची चाकं असत, कारण मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही बरंच हलकं. धातू बदलला, नाव राहिलं. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव चाकांची गोष्टही जुनी आहे. 1924 मध्ये फ्रान्समध्ये लिऑनच्या ग्रां प्रीला बुगाटीनं टाइप 35 उतरवली तेव्हा तिला अ‍ॅल्युमिनियमची ओतीव चाकं होती, आठ चपट्या आऱ्यांची. अण्णांना मी त्या चाकाचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि विचारलं, "एवढ्या पातळ आऱ्यात माल कसा पोचवला असंल?" गाडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते साच्यात शिरले होते.

उद्यमनगरात जुन्या पार्टची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात चाकांची उतरंड रचलेली होती. दुकानदार मामांनी आधी होंडाची चार चाकं पुढे केली. चार नट, 100 मिलिमीटरचा पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, स्विफ्टलाही तेवढाच लागतो. "बसतंय ताई, डोळं झाकून न्या." बसलं असतं, पण बसणं आणि बसवणं यात फरक आहे. होंडाच्या चाकाचं मधलं भोक 56.1 मिलिमीटर, मारुतीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला उंचवटा, 54.1. मधली दोन मिलिमीटरची फट भरायला रिंग घालावी लागते, नाहीतर चाक केंद्रावर न बसता नटांवर लोंबकळतं आणि स्टिअरिंगला थरथर येते. दुसरी गोष्ट नटांची. होंडाच्या मूळ अलॉयमध्ये नट बसायची जागा गोलाईची, वाटीसारखी. मारुतीच्या नटाचं तोंड निमुळतं. वाटीत सुळका टेकवला तर स्पर्श नुसत्या एका रेघेवर होतो. घट्ट केला असं हाताला वाटतं, पण तो घट्ट नसतो. जुनी चाकं घेणाऱ्यांनी रंग शेवटी बघावा, आधी चाकाच्या पाठीमागे ओतलेले आकडे वाचावेत. माझ्या चाकांवर 14 बाय 5.5 जे, ईटी 45 असं होतं, म्हणजे व्यास आणि रुंदी इंचांत, आणि बसायची जागा चाकाच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर ते. नटाची जागा निमुळती होती आणि मधल्या भोकात योग्य मापाच्या रिंगा आधीपासून होत्या. पाच नग, स्टेपनीसकट. नऊ हजारांत सौदा झाला.

"पुरातल्या गाडीची हायत," मामांनी स्वतःहून सांगितलं. "एकवीस सालच्या."

2021 चा जुलै आमच्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. आम्ही कसबा बावड्यात राहतो, राजाराम बंधारा जवळच. पंचगंगेची धोका पातळी 43 फुटांची. त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं होतं, 2019 लाही गेलं होतं. शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला गाड्यांच्या टपांवरून होड्या गेल्या. घरी आणून पहिल्या चाकाची मधली टोपी स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटली तेव्हा आतून गाळाची एक वडी निघाली. करडी, कोरडी, नाण्याएवढी गोल, काठाला टोपीच्या खाचांचे ठसे उमटलेली. बोटांत धरून दाबली तर पिठासारखी भुगा झाली. आपल्याच नदीची माती, आपल्याच गावातल्या कुणाच्या तरी गाडीतून आपल्या परड्यात आलेली. ज्याची गाडी गेली त्याचं काय झालं असेल, असा विचार येतोच. मी तो भुगा केळीच्या बुडाशी टाकला.

पाचव्या चाकाकडे वळते. ठोक्यावर सगळा भरवसा ठेवता येत नाही, हे अण्णांनीच सांगितलं. चीर असूनही चाक चांगलं वाजू शकतं. म्हणून त्यांच्या जुन्या सोबत्याच्या मुलाकडून, ज्याचं गोकुळ शिरगावला फॅब्रिकेशनचं शेड आहे, डीपी टेस्टचे, म्हणजे रंगीत द्रवानं चीर शोधायच्या तपासणीचे, तीन डबे आणले. रंग काढून धातू उघडा करायचा, पुसून कोरडा करायचा, मग लाल द्रव फवारायचा. दहा-पंधरा मिनिटं काहीही न करता बसायचं. चीर कितीही बारीक असली तरी द्रव तिच्यात ओढला जातो. मग वरचा लाल निपटून पुसायचा आणि पांढरी पूड फवारायची. चिरेत मुरलेला लाल हळूहळू त्या पांढऱ्यावर वर येतो.

चार चाकांवर काही आलं नाही. पाचव्याच्या आतल्या कडेचा रंग खरवडताना पात्याखाली धातूऐवजी काही तरी मऊ लागलं. राखाडी रंगाची लांबी, म्हणजे पुट्टी. कुणीतरी दोन घटक मळून लावायचा मसाला त्या जागी भरून, घासून, वर चांदीचा रंग मारला होता. काम सफाईदार होतं, खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा सफाईदार. मसाला काढला, लाल फवारलं, पुसलं, पांढरं फवारलं. आधी एक ठिपका, मग त्याला लागून दुसरा, मग सगळे जोडले गेले आणि चार बोटं लांब लाल रेघ उमटली. कडेपासून आत, नागमोडी.

खड्ड्यात चाक आदळलं की बाहेरच्या कडेला आऱ्यांचा आधार मिळतो. आतली कड मोकळी असते. म्हणून चीर बहुतेक वेळा आत जाते, आणि आत आपण कधी बघत नाही. चाक गाडीला लागलेलं असताना दिसतो तो भाग धडधाकट होता. त्याच्याकडे बघून मी ते घेतलं होतं.

मी चाक घेऊन परत उद्यमनगरात गेले. मामांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "ताई, एवढं काय त्यात? आर्गननं वेल्डिंग मारून आणतो, दोन तासांत. रंग दिल्यावर कळणारसुद्धा न्हाई." मी नको म्हटलं. मग म्हणाले निम्मे पैसे देतो, ठेवून जावा. मी विचारलं, ठेवून घेतल्यावर तुम्ही याचं काय करणार? ते बघत राहिले. "इकायचं, आनि काय. आमास्नी बी प्वाट हाय की ताई."

त्यांचं खोटं नव्हतं. त्यांना कुणीतरी विकलं, ते कुणाला तरी विकणार. पण 'कळणारसुद्धा न्हाई' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मी स्वतः तेच करायला निघाले होते ना? जुन्या चाकांना असा रंग द्यायचा की ती जुनी आहेत हे कळू नये. मग त्या राखाडी मसालेवाल्यात आणि माझ्यात फरक काय? पैसे न घेता मी चाक पुन्हा डिकीत टाकलं आणि घरी आणलं.

वेल्डिंगला माझा विरोध अडाणीपणातून नव्हता. चाकाचं अ‍ॅल्युमिनियम शुद्ध नसतं, त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम असतं. ओतल्यावर चाक सुमारे 540 अंश सेल्सिअसला तापवतात, पाण्यात विझवतात, मग दीडशे-एकशे साठ अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. लोहार विळ्याला पाणी पाजतो तसंच हे. या उष्णतेच्या हिशेबावर चाकाचं बळ उभं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं तेवढ्या जागेचा हिशेब पुसला जातो. सांधा धरतो, पण शेजारचा धातू मऊ पडतो. वाकलेली कड गॅसवर तापवून ठोकून सरळ करणारेही आहेत, तिथेही तेच. सजावटीच्या वस्तूला चालेल. चार माणसं घेऊन आंबोलीचा घाट उतरणाऱ्या गाडीला नाही चालणार.

अण्णांना मी सगळं सांगितलं. ते उठले, हॅक्सॉ घेऊन आले. "आमच्यात रिजेक्ट मालावर लाल खूण करायचे," ते म्हणाले. "पण खूण पुसता येती. म्हणून मोठा मिस्त्री होता तो घण घालून फोडायला लावायचा. फुटलेलं कुणी गाडीला लावत न्हाई."

आम्ही ते चाक कापलं. अ‍ॅल्युमिनियम करवतीच्या दातांत चिकटतं, म्हणून मधूनमधून रॉकेलचा थेंब सोडावा लागतो. साधा ग्राइंडर याला लावायचा नाही, त्याचा दगड अ‍ॅल्युमिनियमनं भरतो आणि तापून फुटू शकतो. अण्णांनी एका दगड फुटण्याच्या आठवणीबद्दल सांगितलं, तो तपशील मी इथं लिहीत नाही. दोन आरे आणि चिरेपाशी कड, एवढं कापायला दुपार गेली. तुकडे वजनावर भंगारात दिले. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला मातीतून नवं काढण्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते, त्यामुळे ते वाया गेलं असं नाही. कुठल्या तरी भट्टीत ते पुन्हा पातळ झालं असेल.

उरलेली चार चाकं धुवायला घेतली. ब्रेकची काळी भुकटी चाकात शिजल्यासारखी बसलेली असते. त्यात लोखंडाचे बारीक कण असतात, ते गंजून तपकिरी ठिपके पडतात. त्यावर फवारायचं एक द्रावण मिळतं, लोखंडाला लागलं की जांभळं होऊन ओघळतं, वास मात्र सडक्या अंड्यांचा. डांबराचे डाग रॉकेलनं निघाले. शेजारच्यांनी बाथरूमचं अ‍ॅसिड वापरायला सांगितलं. आईनं तिथल्या तिथे अडवलं. "जर्मलचं हाय न्हवं ते? मग अ‍ॅसिड कशाला?" आमच्या घरात अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मल म्हणतात, आणि जर्मलच्या पातेल्यात कट, चिंच, ताक ठेवायचं नाही हा नियम आजीपासून चालत आला आहे. सोडा घालून उकळलं तर ते काळं पडतं हेही तिला माहीत. आंबटही नको आणि खारही नको, या धातूला दोन्ही खातात. आईच्या स्वयंपाकघराचा नियम चाकाला जसाच्या तसा लागू पडला.

धुतल्यावर खरी दुखणी दिसली. फुटपाथला घासलेल्या कडा, ते तर सगळ्यांनाच असतं. पण जिथे खडा लागून टवका उडाला होता, तिथून रंगाच्या खाली पांढऱ्या बारीक रेषा पसरल्या होत्या. लाकडात भुंगा शिरल्यावर साल सोलली की दिसतात तशा. टवक्यातून ओल शिरते आणि रंग व धातू यांच्या मधून वाट काढत जाते. वरून रंग शाबूत दिसतो, बोटानं दाबला की पापुद्रा सुटतो. या रेषा संपतात तिथपर्यंत रंग काढावाच लागतो. एक बोट जरी आधी थांबलं तर वर्षभरात नव्या रंगाखाली तीच रेष पुन्हा चालायला लागते.

यानंतरचं सगळं घासणं.

घासण्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही असं लोकांना वाटतं. रंगाचे व्हिडिओ बघा, घासणं दहा सेकंदांत पळवलेलं असतं. मला मात्र या सगळ्या उद्योगातलं तेवढंच मनापासून आठवतं. आधी 120 चा पॉलिश पेपर, मग 180, 240, 320. प्रत्येक नंबरचं काम एवढंच, की आधीच्या नंबरनं पाडलेले ओरखडे काढायचे. मधला एखादा नंबर गाळला तर ते ओरखडे रंगाखालून डोकावतात. अण्णांच्या छातीत फाउंड्रीच्या वाळूची खरखर कायमची आहे, म्हणून घरात धूळ नको या हिशेबानं जमेल तिथे वॉटर पेपर पाण्यात बुडवूनच घासलं. पत्र्याच्या टबात चाक, शेजारी बादली, संध्याकाळी बँकेतून आल्यावर साडेसहा ते साडेआठ. एका चाकाला चार संध्याकाळी लागल्या. आऱ्यांच्या मधल्या खाचांत पेपर बोटाला गुंडाळूनच जातो, दुसरं हत्यार नाही.

दुसऱ्या आठवड्यात बँकेतल्या हजेरीच्या मशिननं माझं बोट ओळखायचं नाकारलं. तीनदा ठेवलं, तीनदा लाल दिवा. बोटांच्या टोकावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. मी डावं बोट लावून आत गेले आणि जागेवर बसल्यावर मला अण्णांचा अंगठा आठवला. रेशन दुकानातल्या मशिनवर त्यांचा अंगठा एका झटक्यात कधीच उमटत नाही. दुकानदार ओल्या फडक्यानं पुसायला सांगतो, दाबा म्हणतो, हळू ठेवा म्हणतो, मागची रांग कुरकुरते. दर महिन्याला हे होतं आणि मी समजत होते वय झालं म्हणून. माझ्या रेषा पंधरा दिवसांत परत आल्या. त्यांच्या पस्तीस वर्षांच्या आहेत.

कडांवर रंग आणि उघडा धातू यांच्या मध्ये एक पायरी राहते. ती उतरवावी लागते, नाहीतर वरून कितीही रंग द्या, नकाशातल्या किनाऱ्यासारखी दिसत राहते. पायरी गेली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मी नखानं बघायचे, नख अडकलं तर अजून घासायचं. अण्णांचं वेगळं. त्यांनी जुन्या मऊ धोतराचा तुकडा चाकावर टाकला, त्यावरून हात फिरवला आणि डोळे मिटले. मी विचारलं, उघड्या हातानं जास्त कळणार नाही का? त्यांनी माझा हात धरून तेच करायला लावलं. कापड मध्ये असलं की कातडी पृष्ठभागाला चिकटत नाही, हात सरकतो आणि उंचसखल तेवढंच जाणवतं. जिथे मला उघड्या हातानं सगळं सपाट लागत होतं, तिथे कापडावरून एक उतार लागला. तांदळाच्या दाण्याच्या जाडीचाही नसेल, पण होता. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसानं तो शोधला होता.

कडेच्या खोल ओरखड्यांत मी लांबी भरली. हात थांबला होता तेव्हा, मसाल्याची राखाडी लकेर आठवली होती. मग ठरवलं, वरवरचे ओरखडे, मिलिमीटरभर खोल, तेवढेच भरायचे. ते चाकाच्या कातडीवरचे, बळाशी त्यांचा संबंध नाही. आतली कड, जिथे टायर बसतो ती जागा आणि नटांची जागा यांना लांबीचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, तिथे धातू आहे तसा दिसला पाहिजे. टायर बसतो तिथला पांढरा गंज घासून काढला, कारण जुन्या अलॉयमधून हवा हळूहळू निघते ती बहुतेक तिथूनच. माझ्या लोखंडी डिस्कचंही दुखणं तेच होतं.

उघडं अ‍ॅल्युमिनियम फार वेळ उघडं राहत नाही. घासून हात काढेपर्यंत हवेतला ऑक्सिजन त्यावर अतिशय पातळ थर चढवतो. हा थर धातूला राखतो पण रंगाला धरत नाही. म्हणून घासलं त्याच दिवशी अस्तर. मी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घेतला. राखाडी अस्तर चढल्यावर चारही चाकं अचानक एका वयाची दिसायला लागली.

इथे माझ्याकडून घाई झाली. गौरी-गणपतीची सुट्टी होती, आभाळ भरलेलं पण पाऊस नव्हता. मी पहिल्या चाकाला दोरावर टांगून चांदीचे दोन हात दिले. छान बसले. पंधरा-वीस मिनिटांत त्यावर दुधाळ झाक आली, सायीसारखी. हवेत ओल असली की असं होतं. रंगातलं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं आणि हवेतली वाफ तिथे जमते, थंड तांब्यावर दव जमतं तशी. ओल रंगात अडकली की चांदीची राख होते. ते सगळं घासून परत अस्तरापर्यंत उतरावं लागलं. तीन संध्याकाळी गेल्या. अण्णा काही बोलले नाहीत, मात्र पुढच्या वेळी त्यांनी आईच्या वाळत घातलेल्या शेवयांकडे बोट दाखवलं. त्या कडक वाजल्याशिवाय रंगाची गन हातात घ्यायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

घटस्थापनेनंतर ऊन पडलं. शेवया वाजल्या. सकाळी दहा ते दोन या वेळात मी चारही चाकं रंगवली. पातळ हात, मध्ये दहा मिनिटं, पुन्हा पातळ हात. एकदम भरून मारलं तर ओघळ येतो. आधी आऱ्यांच्या बाजू आणि खाचा, शेवटी दर्शनी भाग. दोराला पीळ देऊन सोडला की चाक आपोआप संथ फिरतं, गन एका जागी धरली तरी चालते. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, झोपाळ्याला पीळ देऊन फिरायची सवय होती त्यातून सुचली.

वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मी घरी मारला नाही. टिकाऊ क्लिअर हा हार्डनर घालायचा असतो आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, साधा कापडी मास्क काही थांबवत नाही. अण्णांच्या छातीजवळ ते मला नको होतं, माझ्याही. उद्यमनगरातल्या एका पेंटर काकांकडे बूथ आहे, बाहेरची हवा घेणारा मुखवटा आहे. त्यांच्याकडून दोन हात मारून घेतले. घरी करण्यासारखं काय आणि नाही काय, हे ठरवण्यात कमीपणा नाही. ज्या अलॉयचा दर्शनी भाग लेथवर चकचकीत काढलेला असतो, डायमंड कट म्हणतात ती, तीही घरच्या कामात बसत नाहीत. हातानं घासून ती चमक येत नाही.

खंडेनवमीला फाउंड्रीतल्यासारखीच आमच्या परड्यात पूजा झाली. पाटावर अण्णांची लाकडी हातोडी, हॅक्सॉ, माझा घासायचा लाकडी ठोकळा, पॉलिश पेपरचे झिजलेले तुकडेसुद्धा. चार चाकांच्या मध्यभागी एकेक झेंडू. ऊन त्यांच्यावर पडलं तेव्हा आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "नवी वाटत न्हाईत." तिनं ते कौतुकानं म्हटलं, मला तसंच पोचलं. कडेला दोन ठिकाणी जुन्या घासण्याचा उतार मी मुद्दाम राहू दिला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टायर चढवले. वजनं चिकटवायची घेतली, ठोकायची नाहीत, क्लिपनं रंग उडतो आणि टवक्यातून पुन्हा ओल शिरते. नट समोरासमोरचे आवळत 85 न्यूटन-मीटरला आणले. स्टेपनीला आमची जुनी लोखंडी डिस्कच ठेवली, कड घासून, तिचे मूळचे नट पिशवीत बांधून.

पहिली फेरी नृसिंहवाडीची. शिरोलीच्या पुलावरून जाताना अण्णांनी खिडकीतून नदीकडे पाहिलं, पाणी खाली गेलं होतं, काठाला गाळ चमकत होता. वाडी पन्नासएक किलोमीटर. नवीन बसवलेल्या चाकांचे नट एवढ्या अंतरावर पुन्हा तपासायचे असतात. दर्शनाआधीच मी डिकीतून टॉर्क पाना काढला, ठरलेल्या जोराला पोचला की 'टक्' वाजणारा. अण्णा माझ्या हातातून तो घेऊन गुडघ्यावर बसले. सोळा नट. पंधरा जागच्या जागी 'टक्' म्हणाले. डाव्या मागच्या चाकाचा एक पाव फेऱ्याहून कमी फिरला आणि मग टक् झालं.

अण्णांनी नट पूर्ण काढला, बोट आत घालून नटाची जागा चाचपली आणि बोट मला दाखवलं. टोकाला चांदीचा कण होता. रंगवताना त्या एका भोकातली टेप सुटली असणार, नटाखाली रंग राहिला होता आणि दाबून पातळ झाला होता. त्यांनी खिशातून धोतराचा तोच तुकडा काढला, त्यावर पॉलिश पेपरचा कपटा ठेवला आणि जागा घासायला लागले. मी नट हातात धरून शेजारी बसले.